जॉर्जियातल्या ८० टक्के लोकांना युरोप पाहिजे, मग सरकार उलट्या दिशेने कसं चाललंय?

अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात एक्सपोर्टची कागदपत्रं बघतो. परदेशी राजकारण हा माझा प्रांत नाही, पोरीमुळे त्यात डोकं घालावं लागलंय. नीटचे मार्क वाईट नाहीत, पण सरकारी सीट लागेल इतकेही नाहीत, आणि इथल्या खासगी कॉलेजची फी ऐकल्यावर घरात तो विषय निघायचाच बंद झाला. म्हणून बाहेरदेशी पाठवायचं चाललंय. यादीत तीन गावं आहेत: जॉर्जियातलं तिबिलिसी, मोल्दोव्यातलं किशिनाव आणि किर्गिझस्तानातलं बिश्केक.

मागच्या रविवारी सात रस्त्याजवळच्या हॉटेलात एका कन्सल्टन्सीचं सेमिनार होतं, चहा-समोशासकट. टाय लावलेल्या पोराने पडद्यावर नकाशा टाकला. जुन्या सोव्हिएत युनियनचे पंधरा तुकडे, काही निळे, काही लाल. निळे म्हणजे युरोपकडचे, लाल म्हणजे रशियाकडचे. जॉर्जिया गडद निळा. म्हणाला, "तिथल्या ८० टक्के जनतेला युरोप पाहिजे, सर्व्हे आहे. तुमची मुलगी पास होईपर्यंत देश युरोपीय संघात. मग त्याच डिग्रीवर जर्मनीत डॉक्टर." शेजारी बसलेल्या बार्शीच्या एका गृहस्थांनी जागेवर टोकन भरलं.

घरी येऊन बघितलं तर बातमी वेगळीच. त्याच जॉर्जियाच्या पंतप्रधानांनी २८ नोव्हेंबर २०२४ ला जाहीर केलेलं की युरोपीय संघात जाण्याची बोलणी २०२८ संपेपर्यंत हातात घेणार नाही. आणि त्यांचा पक्ष महिनाभर आधीच निवडून आलेला, सरकारी आकड्याप्रमाणे जवळपास ५४ टक्के मतांनी. ८० टक्क्यांना युरोप पाहिजे आणि ५४ टक्क्यांनी युरोप थांबवणाऱ्याला मत दिलं, हा हिशोब माझ्याच्याने जुळेना. सर्व्हे खोटा, की निवडणूक खोटी, की लोकच तसले? आणि बाकीच्या दोन देशांचं काय? कोणी तिकडे राहून आलेलं असेल तर सांगा. गुगलवरचं नको, ते वाचून झालंय.

स्पर्धापरीक्षा_पार्कचौक

सोपं आहे काका. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया २००४ लाच नाटो आणि युरोपीय संघात गेले, तो विषय संपला. बेलारूस, आर्मेनिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान हे रशियाच्या सीएसटीओ या लष्करी करारात. उझबेकिस्तान २०१२ ला त्यातून बाहेर पडला. तुर्कमेनिस्तान तटस्थ, अझरबैजान आपल्या तेलावर आणि तुर्कस्तानच्या मैत्रीवर. उरले युक्रेन, मोल्दोवा, जॉर्जिया, त्यांचा कल युरोपकडे. जनमतही साधारण ह्याच रेषांवर आहे. एवढं पाठ केलं की पेपरला पुरतं.

बार्शीकर_मास्तर

अरे बाळा, पेपरला पुरतं, पोरगी पाठवायला पुरत नाही. (आणि अक्कलकोटरोड, ते टोकन भरणारे बार्शीचे गृहस्थ मी नव्हे. मी निवृत्त आहे, टोकन भरण्यासारखं वय राहिलेलं नाही.)

तुझ्या यादीतला आर्मेनिया घे. ग्युम्रीला रशियाचा लष्करी तळ आजही आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांचे राष्ट्राध्यक्ष मॉस्कोला गेले आणि युरोपशी जवळपास ठरलेला करार बाजूला ठेवून रशियाच्या कस्टम्स युनियनमध्ये जाण्याचं जाहीर करून आले. रस्त्यावर थोडी निदर्शनं झाली, पण देश पेटला नाही. एका बाजूला तुर्कस्तान, दुसऱ्या बाजूला अझरबैजान, दोन्ही सीमा बंद. अशा घरातल्या माणसाला कोण आवडतं हे विचारण्यात अर्थ नसतो. त्याला रात्री दाराशी कोण उभं राहणार, एवढंच बघायचं असतं. तेव्हाच्या पाहण्यांत रशियाला भरभरून पसंती मिळायची ती ह्या हिशोबातून.

मग २०२० चं अझरबैजानशी ४४ दिवसांचं युद्ध झालं. सप्टेंबर २०२२ ला अझरबैजानने थेट आर्मेनियाच्या हद्दीत मारा केला, तेव्हा सीएसटीओने पाहणी पथक पाठवलं, सैन्य नाही. सप्टेंबर २०२३ ला नागोर्नो-काराबाखमधून, म्हणजे अझरबैजानच्या हद्दीतल्या आर्मेनियन वस्तीच्या भागातून, एक लाखाहून जास्त आर्मेनियन घरंदारं सोडून निघाले, रशियाचे शांतिसैनिक तिथे हजर असताना. दाराशी कोणी उभं राहिलंच नाही म्हटल्यावर मत फिरलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आर्मेनियाचे पंतप्रधान पाशिनयान यांनी सांगितलं की सीएसटीओतला सहभाग आम्ही गोठवलाय. २०२५ मध्ये संसदेने युरोपीय संघात जाण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा कायदा केला. आणि रॉकेटं घेतली कुठून, तर आपल्याकडून. पिनाका.

तरी आजही आर्मेनिया रशियाच्या आर्थिक संघात, म्हणजे युरेशियन संघात, आहे, गॅस मुख्यतः रशियाचा, आणि रेल्वे चालवते ती रशियन रेल्वेचीच कंपनी. मत दहा वर्षांत पालटलं. पाइपलाइन आणि रूळ काही मतासोबत पालटत नाहीत.

जुळे_सोलापूरची

काका, मी तिबिलिसीतून एमबीबीएस करून आले, सध्या सोलापुरातच इंटर्नशिप चालू आहे. तुमचा हिशोब जुळतो, पण त्यासाठी माझ्या घरमालकिणीला मध्ये घ्यावं लागेल.

आम्ही मुली सबुर्तालो भागात एका जुन्या सोव्हिएत इमारतीत राहायचो. लिफ्टला नाणं टाकावं लागे. मालकीण खालच्या मजल्यावर, साठीच्या पुढची, मूळची जॉर्जियातून फुटलेल्या अबखाझियातल्या सुखुमीची. १९९२-९३ च्या लढाईत तिथून दोन लाखांहून जास्त जॉर्जियन बाहेर काढले गेले, त्यात ही नवरा आणि लेकरं घेऊन निघालेली. सुखुमीच्या घराची किल्ली आहे का असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली किल्ली कसली, दारच राहिलं नाही. त्या युद्धात अबखाझियाच्या मागे कोण होतं आणि २००८ च्या ऑगस्टमध्ये रणगाडे कोणाचे आले, हे ती कधी विसरायची नाही. रशियाचं नाव निघालं की तोंडातून जे निघायचं ते इथे लिहिता येणार नाही.

आता तिच्या घरात पैसा येतो कुठून ते बघा. थोरली मुलगी इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करते, दरमहा युरो पाठवते. मार्च २०१७ पासून जॉर्जियन लोकांना युरोपात थोड्या मुदतीसाठी व्हिसा लागत नाही. तिथे जाऊन मागे राहणाऱ्या, घरकाम धरणाऱ्या बायका खूप, ही त्यातलीच एक. भाऊ पूर्वेकडच्या काखेती भागात द्राक्ष लावतो. त्या भागाची वाईन जाते कुठे? निम्म्याहून जास्त रशियाला. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाईन आणि बोर्जोमीचं पाणी बंद केलं होतं, २०१३ ला परत उघडलं. बंदीच्या त्या वर्षांत भावाने अर्धी बाग तोडली होती. शिवाय २०२२ च्या सप्टेंबरात पुतिन यांनी सैन्यभरती काढली तेव्हा रशियाच्या सीमेवरच्या लार्सच्या घाटातून रशियन पोरांची रांग लागली, आणि सबुर्तालोत भाडी एकदम चढली. भिंतींवर "रशियनांनो, घरी जा" असं रंगवलेलं, आणि त्याच भिंतीआडच्या खोल्या त्याच रशियनांना दुप्पट भाड्याने दिलेल्या. आमच्या मालकिणीने आमचं भाडंही वाढवलं, थोडं लाजत, पण वाढवलं.

सर्व्हेवाला हिच्या दारात आला आणि युरोपीय संघ पाहिजे का म्हणाला, तर ती हो म्हणणार. मनापासून म्हणणार. त्या ८० टक्क्यांत ती आहे.

ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत तिने सत्ताधारी 'जॉर्जियन ड्रीम'ला मत दिलं. मी तेव्हा परत आलेली होते. तिच्या धाकट्या मुलीने फोनवर सांगितलं, आईशी भांडण करून नुकतीच बाहेर पडली होती. ती मुलगी पुढे, युरोपची बोलणी थांबवल्यावर, रुस्तावेली रस्त्यावरच्या आंदोलनात कित्येक रात्री उभी होती. आईचं कारण काय, तर प्रचारात पक्षाने मोठे फलक लावले होते: एका बाजूला युक्रेनमधलं बॉम्बने फोडलेलं चर्च, दुसऱ्या बाजूला जॉर्जियातलं शाबूत चर्च. युद्ध नको, शांतता निवडा. युरोप नको असं त्या पक्षाने तेव्हा म्हटलंच नव्हतं. 'युरोपात जाऊ, पण शांततेने आणि मानाने,' असंच म्हणत होते. राज्यघटनेच्या ७८ व्या कलमात युरोपीय संघ आणि नाटोत जाण्यासाठी सगळ्या संस्थांनी झटावं असं लिहिलंय, तेही ह्याच पक्षाच्या काळात घातलेलं.

म्हणजे सर्व्हेत तिला विचारलं युरोप पाहिजे का. निवडणुकीत तिला विचारलं गेलं, पुन्हा एकदा घर सोडून पळायचंय का. दोन प्रश्न वेगळे, दोन्ही उत्तरं खरी.

निवडणूक धुतल्या तांदळासारखी होती असं मात्र मी म्हणत नाही. परदेशी निरीक्षकांनी मतदारांवर दबाव आल्याचं नोंदवलं, तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षा झुराबिशविली यांनी निकाल मानला नाही, युरोपीय संसदेने फेरनिवडणूक मागितली. तिबिलिसी शहरात ह्या पक्षाला निम्मीही मतं नव्हती. खेड्यांत आणि आर्मेनियन वस्तीच्या जावाखेतीत मात्र पेट्या भरून. खेड्यात सरकारी पगार आणि मदतीची यादी कोणाच्या हातात असते, हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला मी काय सांगावं.

लालबावटा_दत्तनगर

डॉक्टरबाई, छान लिहिलंत, पण एक गोष्ट राहिली. हे सर्व्हे घेतं कोण? इंटरनॅशनल रिपब्लिकन इन्स्टिट्यूट, नॅशनल डेमोक्रॅटिक इन्स्टिट्यूट. दोन्ही वॉशिंग्टनची. अमेरिकेच्या पैशाने विचारलं की ८० टक्के युरोपच येणार की ओ.

आणि लोकांचं मत एवढं मोलाचं असेल तर १७ मार्च १९९१ ची आठवण करा. सोव्हिएत युनियन राहू द्यावं का, असं सार्वमत झालं. मत दिलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त लोक म्हणाले, राहू द्या. मग त्याच वर्षी ८ डिसेंबरला बेलारूसच्या जंगलात तिघे नेते बसले आणि सह्या करून मोकळे झाले. जनतेला कोणी विचारलं? आमच्या चौकात त्या दिवसांत म्हातारे कामगार पेपर वाचून रडलेले मी बघितलेत.

बार्शीकर_मास्तर

कॉम्रेड, त्या मार्चच्या आकड्यात थोडं खाली उतरून बघा. पंधरापैकी सहा प्रजासत्ताकांनी ते सार्वमत घेतलंच नाही: तिन्ही बाल्टिक, जॉर्जिया, आर्मेनिया, मोल्दोवा. कझाकस्तानने प्रश्नाचे शब्दच बदलून घेतले. आणि युक्रेनमध्ये त्याच दिवशी दुसरी चिठ्ठी होती. युनियन राहावी का, ह्यावर सुमारे ७० टक्के हो. युक्रेन सार्वभौम असावा आणि त्याच अटीवर नव्या संघात असावा, ह्यावर ८० टक्के हो. एकाच माणसाने एकाच केंद्रात दोन्हीला हो म्हटलंय! नऊ महिन्यांनी, १ डिसेंबर १९९१ ला, मधे मॉस्कोतला ऑगस्टचा उठाव होऊन गेल्यावर, त्याच युक्रेनने स्वातंत्र्याला ९२ टक्के मत दिलं. क्रिमियातसुद्धा निम्म्याहून थोडं जास्त. तुमच्या तिघांनी जंगलात सह्या केल्या त्या ह्याच्या नंतर. त्यामुळे जनतेला विचारलंच नाही हे म्हणणं टिकत नाही.

पण पैसा कोणाचा, हा तुमचा प्रश्न योग्य आहे. फक्त तो दोन्हीकडे लावा. युरेशियन डेव्हलपमेंट बँक 'इंटिग्रेशन बॅरोमीटर' नावाची पाहणी करायची, तिच्यात रशियाच्या आर्थिक संघाला चांगले आकडे यायचे, आणि त्या बँकेत सर्वात मोठा वाटा रशियाचा. इकडे रशियातच लेवादा सेंटर ही स्वतंत्र पाहणी करणारी संस्था, तिला २०१६ मध्ये 'परकीय हस्तक' ठरवलं. बेलारूसमध्ये जनमताचा अभ्यास करणारी एक स्वतंत्र संस्था होती, २००५ मध्ये कोर्टाने ती बंद केली. ती लिथुआनियातून काम करायला लागली, पुढे २०१६ ला पाहण्याच थांबल्या. आता मिन्स्कमध्ये कोणी फोन करून विचारलं, "तुम्ही रशियाच्या बाजूने का युरोपच्या?", तर समोरचा मत सांगेल का फोन कोणाचा आहे ह्याचा अंदाज घेईल?

पंचवीस वर्षं राज्यशास्त्र शिकवताना मी पोरांना एकच सवय लावायला बघितली. आकडा दिसला की आधी प्रश्न मागायचा. 'युरोपीय संघ की युरेशियन संघ, एक निवडा' असं विचारलं की देश दुभंगलेला दिसतो. तेच दोन वेगळे प्रश्न करून विचारले की कित्येक माणसं दोन्हींना हो म्हणतात. मोल्दोव्यात आणि आर्मेनियात हे वर्षानुवर्षं दिसलंय.

अक्कलकोटरोड

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

मास्तर, तुमचं दोन्हींना हो म्हणायचं वाचून मला आमच्या अक्कलकोटकडचं आठवलं. २०२२ च्या शेवटी सीमेवरच्या काही गावांनी 'आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या' असे ठराव केले होते, टीव्हीवाले दिवसभर तेच दाखवत होते. त्यातल्या एका गावात माझी आत्या दिलेली आहे. मी फोन केला, म्हटलं काय गं, कानडी व्हायचंय का तुम्हाला? ती म्हणाली, कानडी तर आम्ही घरात बोलतोच, त्यासाठी तिकडे जायला कशाला पाहिजे? पलीकडच्या गावापर्यंत डांबर आलंय आणि आमच्याकडे एसटी वळत नाही, म्हणून पोरांनी ठराव केला. पुढे अधिकाऱ्यांच्या गाड्या फिरल्या, ठराव मागे पडले. त्या आठवड्यात कोणी सर्व्हे घेतला असता तर आत्या कर्नाटकवाली म्हणून मोजली गेली असती.

त्या टायवाल्याला परवा फोन केला. म्हटलं युरोपीय संघाचा उमेदवार झाला की किती वर्षांत देश आत जातो? म्हणाला तीन-चार. म्हटलं तुर्कस्तान १९९९ पासून उमेदवार आहे, ते कधी जाणार? म्हणाला, "सर, तुर्कस्तानची बॅच आपण घेत नाही."

मोल्दोव्याबद्दल कोणी बोललं नाही अजून.

बार्शीकर_मास्तर

आत्याबाईंचं उदाहरण मी वर्गात वापरलं असतं. एक फरक मात्र ध्यानात ठेवा: अक्कलकोटात ठराव केला म्हणून विजापूरकडून रणगाडा येत नाही. तिकडे येऊ शकतो, आलेला आहे, आणि तो आला की मत कसं बदलतं हे युक्रेनने दाखवलं. २०१४ च्या आधी नाटोत जायला तिथे चौथाई लोकही धड तयार नसायचे. २०१० मध्ये 'आम्ही कोणत्याच गटात नाही' असा कायदाच केला होता. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यावर आकडा निम्म्याच्या आसपास आला, २०१९ मध्ये नाटो आणि युरोपीय संघाचं उद्दिष्ट राज्यघटनेत गेलं, २०२२ च्या हल्ल्यानंतर तर पाठिंबा ८० टक्क्यांच्या वर. मॉस्कोला जे नको होतं ते मॉस्कोनेच घडवून आणलं. (अर्थात पाहणी होते ती कीव्हच्या ताब्यातल्या भागात. क्रिमिया आणि पूर्वेकडच्या दोन्बासचा मोठा भाग मोजणीतून गेला, हेही त्या वाढीत धरायला पाहिजे.)

आता मोल्दोवा. २० ऑक्टोबर २०२४ ला तिथे सार्वमत झालं: युरोपीय संघाचं उद्दिष्ट राज्यघटनेत घालायचं का? रात्रभर 'नाही' पुढे होतं. पहाटे परदेशात राहणाऱ्या मोल्दोवनांची मतं मोजायला आली आणि पारडं फिरलं. शेवटी 'हो' ५०.३५ टक्के. फरक साधारण साडेदहा हजार मतांचा, आपल्याकडे नगरसेवकाच्या निवडणुकीत असतो तसला. देशात राहणाऱ्यांचं बहुमत 'नाही' म्हणत होतं. दोन आठवड्यांनी माइया सांडू पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेही बाहेरच्या मतांच्या जोरावर. देशातल्या मतांत त्या किंचित मागेच होत्या. सप्टेंबर २०२५ च्या संसदेच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला १०१ पैकी ५५ जागा मिळाल्या, म्हणजे दिशा तूर्त टिकली.

गागाउझिया म्हणून दक्षिणेला एक स्वायत्त भाग आहे, तुर्की वंशाचे पण ख्रिस्ती लोक, बोलतात बरंचसं रशियन. तिथे ९५ टक्के 'नाही'. आणि नीस्टर नदीपलीकडचा ट्रान्सनिस्ट्रिया, जो मोल्दोव्याला जुमानत नाही, तिथे रशियाचं सैन्य आहे, २००६ मध्ये त्यांनी रशियात जायला ९७ टक्के मत दिल्याचं जाहीर केलं. अक्कलकोटरोड, तुम्ही एक्सपोर्टवाले, तुम्हाला हे आवडेल: त्या ट्रान्सनिस्ट्रियाचा बहुतेक माल विकला जातो युरोपीय संघात. १ जानेवारी २०२५ ला रशियाकडून येणारा गॅस थांबला तेव्हा ऐन थंडीत घरं गार पडली ती त्यांचीच.

लालबावटा_दत्तनगर

सर, मोल्दोव्याचं अर्धंच सांगितलंत. रशियात राहणाऱ्या मोल्दोवनांना किती मतदान केंद्रं दिली होती? दोन. दोन्ही मॉस्कोत. इटलीत मात्र डझनांनी. पोट भरायला इटलीला गेलेल्याचं मत मोजायचं आणि मॉस्कोला गेलेल्याने रांगेत उभं राहायचं, ही कसली लोकशाही? शेवटी जो जिथे राबतो तिथलं त्याला बरं वाटतं. डॉक्टरबाईंची मालकीण तेच सांगते, मी तेच म्हणतोय, फक्त मला पोथीतला म्हणून हसता.

बार्शीकर_मास्तर

केंद्रांचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. सरकारने सुरक्षेचं कारण दिलं, पण ते कारण त्यांना सोयीचंही होतं. दुसरीकडे मॉस्कोत बसलेल्या फरार उद्योगपतीच्या, इलान शोरच्या, माणसांनी मतं विकत घेतल्याचे आरोप झाले, तेही नोंदवून ठेवा. आणि हसत नाही हो कॉम्रेड. राबण्याचं म्हणणं मला पटतं. फक्त त्यातून आर्मेनिया सुटत नाही. लाखो आर्मेनियन रशियात राबतात, तरी मत फिरलं.

होटगीनाका

मी बिश्केकला होतो, पास होऊन आलो, म्हणून लिहितो. सेमिनारवाल्यांचा लाल रंग डोळ्यांपुढून काढा काका. तिथे रशिया आवडतो का, तर हो, बऱ्याच लोकांना आवडतो. माझ्या वर्गातल्या जवळपास प्रत्येक किर्गिझ पोराच्या घरातलं कोणीतरी मॉस्कोत नाहीतर येकातेरिनबुर्गला टॅक्सी चालवतं, गवंडीकाम करतं, गोदामात असतं. पैसा तिकडून येतो. शेजारच्या ताजिकिस्तानात तर असा बाहेरून येणारा पैसा देशाच्या उत्पन्नाच्या जवळपास निम्म्याइतका आहे. पण मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळ क्रोकस हॉलवर हल्ला झाला, त्यात ताजिक पोरं पकडली गेली, आणि त्यानंतर मध्य आशियातल्या सगळ्यांनाच रशियात धरपकड, विमानतळावरून परत पाठवणं सुरू झालं. माझ्या रूममेटच्या भावाला तसंच परत पाठवलं. तो रशियाला शिव्या घालत आला आणि काही महिन्यांत परत जायच्या तयारीला लागला. आता त्याचं मत कुठल्या रंगात टाकणार?

सरकारचं म्हणाल तर ते सगळ्यांशी जमवून घेतात. एके काळी बिश्केकजवळ मानसला अमेरिकेचा तळ होता, २००१ ते २०१४, आणि २००३ पासून थोड्या अंतरावर कांतला रशियाचा. दोन्ही एकाच वेळी! शेजारचा कझाकस्तान त्याहून हुशार. जानेवारी २०२२ मध्ये दंगल झाली तेव्हा रशियाच्या गटाचं सैन्य बोलावलं, दोन आठवड्यांत परतही पाठवलं, आणि त्याच जूनमध्ये त्यांचे राष्ट्राध्यक्ष तोकायेव पुतिनशेजारी बसून म्हणाले की युक्रेनमधून रशियाने तोडलेल्या दोनेत्स्क-लुहान्स्कला आम्ही मान्यता देणार नाही. रशियाशी साडेसात हजार किलोमीटरची सीमा आणि तेल जातं रशियातून, अशा देशाने हे बोलायला छाती लागते. तिथल्या सामान्य माणसाला युक्रेनच्या युद्धात कोणाची बाजू विचारलीत तर बहुतेक जण कोणाचीच नाही म्हणतात. मला ते भ्यालेलं उत्तर वाटत नाही.

आणि पोरीच्या सुरक्षेचं विचाराल तर मे २०२४ ची रात्र सांगतो. स्थानिक पोरं आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या मारामारीचा एक व्हिडिओ फिरला आणि जमाव हॉस्टेलांवर चालून आला. पाकिस्तानी पोरांना जास्त मार बसला, पण दारापुढून जाणारा जमाव पासपोर्ट बघत नव्हता. आपल्या दूतावासाने बाहेर पडू नका म्हणून सांगितलं. आम्ही लाइट बंद करून बसलो. त्यात ना रशिया होता, ना युरोप.

अक्कलकोटरोड

हे मला त्या सेमिनारात कोणी सांगितलं नाही. आमच्या हिला अजून दाखवलेलं नाही, आधी मी नीट वाचतो.

डॉक्टर, शेवटचं एक. जॉर्जिया समजा खरंच युरोपीय संघात गेला, तर डिग्रीला फायदा होईल का? आणि नाही गेला तर तोटा?

जुळे_सोलापूरची

काका, मुलीला इथे प्रॅक्टिस करायची असेल तर युरोपीय संघाचा संबंधच येत नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे कोर्स किमान ५४ महिन्यांचा, शिकवणं इंग्रजीत, तिथेच १२ महिने इंटर्नशिप, आणि त्या देशात प्रॅक्टिसचं लायसन्स मिळण्याची पात्रता. परत येऊन इथली परीक्षा आणि पुन्हा १२ महिने इंटर्नशिप. हे सगळं कॉलेजकडून लेखी घ्या, एजंटकडून नको. जर्मनीला जायचं तर जर्मन भाषा आणि त्यांची परीक्षा तिला द्यावी लागणारच. जॉर्जिया उमेदवार आहे, तोही डिसेंबर २०२३ पासून, सदस्य नाही, आणि आता बोलणीच थांबलीत. जानेवारी २०२५ मध्ये तर युरोपीय संघाने जॉर्जियाच्या राजनैतिक पासपोर्टवाल्यांची व्हिसा-सवलतही काढली. पाच-सहा वर्षांत काय होईल ह्यावर मी माझ्या बहिणीची फी लावणार नाही.

ज्याचा रोज फरक पडतो ते वेगळंच आहे: पेशंटची भाषा. वर्ग इंग्रजीत असतो, वॉर्डात कोणी इंग्रजी बोलत नाही. तिबिलिसीत जॉर्जियन लागतं. तिथली तरुण मुलं रशियन शिकायच्या ऐवजी इंग्रजी शिकतात, म्हाताऱ्या पेशंटना मात्र रशियन येतं. आम्ही दोन्हीतलं मोडकंतोडकं शिकलो. 'कुठे दुखतं' आणि 'श्वास घ्या' एवढं पहिल्या वर्षीच पाठ करून टाकायला सांगा.

होटगीनाका

बिश्केकला रशियन पुरतं, खेड्यातले पेशंट आले तर किर्गिझ. कॉलेजात रशियनचा तास असतो, तो पोरं बुडवतात आणि तिसऱ्या वर्षी रडतात. हॉस्टेलची मेस बघून घ्या, आमच्या वेळी सोलापूरची पोरं शेंगाचटणीवर दिवस काढायची. कॉलेजांची नावं इथे लिहीत नाही, व्यनि करा.